वाचकांचे प्रश्न : मुंबईतल्या पेढ्या, चेंबर्स आणि टॉवर

मुंबईतल्या व्यापारी इमारती कशा घडत गेल्या, यावर आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत. वास्तुरचना, स्ट्रक्चरल दुरुस्ती आणि वातानुकूलन या कामांतल्या मंडळींनी मिळून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दादाभाई नौरोजी रस्त्यावर प्रत्येक इमारत वेगळ्या शैलीची आहे, पण खालून चालायचा कमानींचा रस्ता मात्र सलग. हे ठरवून केले होते का?
– निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

हो, ठरवूनच. त्याआधीची मुंबईतली पेढी म्हणजे घरच असे : तळमजल्यावर गादी आणि गोदाम, वर बिऱ्हाड. केवळ व्यवहारासाठी इमारत बांधायची कल्पना रुजली ती किल्ल्याचा तट पडल्यावर. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६०च्या दशकात तट पाडला गेला आणि जागा मोकळी झाली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी चालू होती. तिथला कापूस बंद पडल्याने मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, पण आखलेली कामे थांबली नाहीत. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, १८७२ मध्ये पुरे झाले. गोल बागेभोवती सारख्या दर्शनी भागाच्या इमारती आणि खाली कमानी, असा तो सलग आराखडा होता.

हॉर्नबी रोडला, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्याला, एवढी एकजूट शक्य नव्हती, कारण भूखंडांचे मालक वेगवेगळे. म्हणून १८९६ मध्ये सरकारने एकच अट घातली : पादचाऱ्यांसाठी खाली कमानींचा रस्ता ठेवा. वरची शैली ज्याची त्याने निवडली. गॉथिक, निओ-क्लासिकल, इंडो-सारासेनिक असे सगळेच तिथे शेजारी शेजारी दिसते ते यामुळे. या अटीतली हुशारी अशी की कमानींच्या डोक्यावर वरचे मजले बांधता येत होते, त्यामुळे मालकाची जागा तळमजल्यापुरतीच गेली. बदल्यात दुकानाच्या भिंतीवर ऊन पडेना, पावसाळ्यात गिऱ्हाईक दारापर्यंत कोरडे येऊ लागले. मुंबईच्या हवेला इतके साजेसे, इतके स्वस्त आणि इतके लोकांच्या कामाचे कलम नंतरच्या नियमावल्यांत क्वचितच सापडते.

बॅलार्ड इस्टेटचा मार्ग दुसरा. ती सारी जमीन पोर्ट ट्रस्टची, अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातल्या मातीने भरून काढलेली, सुमारे २२ एकर. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, बांधकाम १९१४ ते १९१८. जमीन एकाच हाती असल्याने उंची, कंगोरे आणि दगड यांत मेळ राखता आला.

या कमानी बिघडतात कशाने? लादीवर लादी बसवत गेल्याने फरशी वर येते आणि खांबांची बैठक बुडते. एसीचे पाणी एकाच दगडावर वर्षानुवर्षे ठिबकते. सर्वांत वाईट म्हणजे बोर्डासाठी दगडात ठोकलेले लोखंडी बोल्ट. लोखंड गंजले की फुगते आणि दगड फोडते. बोर्ड कमानीच्या पोकळीत, कमान जिथून वळायला लागते त्या रेषेच्या आसपास बसवा, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरा आणि भोक दगडात न पाडता दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात पाडा. सांधा पुन्हा भरता येतो. दगडाला ऑइलपेंट कधीही लावू नका. आतला ओलावा कोंडतो आणि वर्षा-दोन वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

प्रश्न : फोर्टमधल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचे ऑफिस आहे. छत सोळा फूट उंच आहे. मधली भिंत काढून मोकळे ऑफिस करायचे, फायलींसाठी कॉम्पॅक्टर (रुळांवर सरकणारी, एकमेकांना चिकटणारी कपाटे) बसवायचे आणि अर्ध्या भागावर पोटमाळा टाकायचा विचार आहे. इंटिरियरवाले म्हणतात, "जुनी इमारत आहे, हत्ती नाचला तरी चालेल." खरे आहे का?
– सनदी लेखापाल, दादर

नाही. तिन्ही कामे थांबवा आणि आधी तुमचा मजला कशावर उभा आहे ते पाहा. या इमारती मजबूत आहेत, पण त्यांची मजबुती ठरावीक वाटेने खाली जाते. ती वाट भिंतींतून जाते.

या वयाच्या फोर्टमधल्या इमारतींत साधारण दोन प्रकारची तक्तपोशी, म्हणजे मजल्याची रचना, सापडते. पहिली सागवानी तुळया, त्यावर वासे, फळ्या आणि वर चुन्याचा कोबा. दुसरी लोखंडी गर्डरची : तीन ते पाच फुटांवर एकेक गर्डर, दोन गर्डरांमध्ये विटांची चपटी कमान आणि वर चुन्याचे काँक्रीट भरून सपाटी. हिलाच जॅक आर्च म्हणतात. फॉल्स सीलिंगची एक फळी काढून टॉर्च मारलात की कळेल. खाली ओळीने चपट्या घुमट्या दिसल्या तर जॅक आर्च.

जॅक आर्चमध्ये प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला ढकलत असते. मधल्या गाळ्यांत, म्हणजे दोन गर्डरांमधल्या भागांत, हा रेटा दोन्ही बाजूंनी फिटतो. कडेच्या शेवटच्या गाळ्यात तो भिंतीवर किंवा आडव्या लोखंडी ताणांवर येतो. त्यामुळे 'मधली' म्हणून काढायला निघालेली भिंत जर गर्डरांची टोके पेलत असेल, तर ती काढल्याने छतच खाली येईल. नुसता दरवाजा रुंद केला तरी कडेचा गाळा पसरून कमानीच्या माथ्यावर लांब तडा येतो. एसीच्या पाइपसाठी कमानीच्या माथ्यावर मोठे भोक पाडणे हीसुद्धा नेहमीची चूक. भोक पाडायचेच तर माथा आणि गर्डरचा काठ दोन्ही सोडा, लहान व्यासाच्या कोअर कटरने पाडा, हातोडा-छिन्नीने नको.

भिंत भार घेते की नाही, हे ठरवायला तीन गोष्टी पाहा. खालच्या आणि वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का? जाडी चौदा इंच किंवा जास्त आहे का? गर्डर किंवा तुळया तिच्यावर टेकतात का? यांतल्या एकाचेही उत्तर 'हो' आले तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय एकही वीट काढायची नाही.

आता कॉम्पॅक्टर. ए-४ कागदाचे ५०० पानांचे रीम अडीच किलोचे आणि पाच सेंटिमीटर जाडीचे असते. म्हणजे एक मीटर लांबीच्या फळीवर वीस रीमइतका, ५० किलो कागद मावतो. सहा फळ्यांचे एक कपाट ३०० किलोचे झाले. साध्या मांडणीत दोन कपाटांमध्ये चालायची वाट असते, त्यामुळे भार पसरतो. कॉम्पॅक्टरमध्ये वाटच काढून टाकलेली असते : एका मीटरच्या खोलीत तीन ओळी बसल्या तर चौरस मीटरला ९०० किलो. फायली सैल भरल्या असे धरले तरी ६००च्या खाली येत नाही. आजचे भारतीय मानक ऑफिसच्या मजल्यासाठी चौरस मीटरला सुमारे २५० ते ४०० किलो आणि साठवणीच्या खोलीसाठी ५०० किलो भार धरायला सांगते, तेही नव्या इमारतीत. शंभर वर्षांच्या गर्डरवर, ज्याची टोके भिंतीत ओलाव्याने किती खाल्ली आहेत ते अजून कुणी पाहिलेले नाही, कॉम्पॅक्टर ठेवू नये. फायली तळमजल्यावर हलवा किंवा स्कॅन करून बाहेर साठवा. कपाटे ठेवायचीच तर भार घेणाऱ्या भिंतीला चिकटून, एका ओळीत ठेवा.

पोटमाळा ही तर फोर्ट आणि काळबादेवीची जुनी सवय. उंच छत म्हणजे 'फुकट' जागा, असा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात ती उंची हवेसाठी आहे. गरम हवा वर जाते, झरोक्यांतून निघते आणि माणसाच्या डोक्याजवळ गारवा राहतो. उजेडाचाही हिशेब आहे : खिडकीच्या माथ्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत उजेड आत पोहोचतो. खिडकीचा माथा बारा फुटांवर असेल तर २५ ते ३० फूट आत दिवसा दिवा लागत नाही. त्याच खिडकीच्या मध्यावर पोटमाळा आला की खाली बारा-पंधरा फुटांनंतर अंधार. वर महापालिकेची परवानगी लागते, आणि इमारत वारसा यादीत असेल तर १९९५ पासून लागू असलेल्या वारसा नियमांप्रमाणे तिच्या श्रेणीनुसार आणखी एक परवानगी. श्रेणी एकच्या इमारतीत आतल्या बदलांचीही विचारणा होते.

शेवटी एक : भिंतींना आत ओल आली असेल तर सिमेंटचा गिलावा करू नका. चुन्यात बांधलेली भिंत ओलावा घेते आणि सोडते. सिमेंट ती वाट बंद करते, मग पाणी दुसऱ्या जागी, बहुधा गर्डरच्या टोकापाशी, निघते. चुन्याचाच गिलावा करा. तो वाळायला वेळ घेतो, म्हणून काम पावसाळा संपल्यावर काढा.

प्रश्न : काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन लोखंडी सांगाड्याची आहे म्हणतात. मग मुंबईत तशा इमारती पुढे का झाल्या नाहीत?
– आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, पुणे

ती मुळात वॉटसन हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश यांची रचना, ओतीव लोखंडाचे सुटे भाग इंग्लंडात बनवून आणलेले, १८६७ ते १८६९ मध्ये उभी केलेली. लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी याच इमारतीत झाला. पुढे तिच्यात खोल्या-खोल्यांनी ऑफिसे आणि दुकाने भरली.

ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, ताण नाही. पोलाद तुटण्याआधी वाकून इशारा देते, ओतीव लोखंड न सांगता तुटते. आगीत तापल्यावर बंबाचे पाणी पडले की तडकते. शिवाय इथे दगड स्वस्त, गवंडी कुशल आणि लोखंड बोटीने येणारे. मग गर्डर आतल्या मजल्यांपुरते आले आणि बाहेरची भिंत दगडाचीच राहिली. २००५ मध्ये या इमारतीचा काही भाग कोसळला. सुट्या भागांच्या सांगाड्यावर प्रत्येक भाडेकरूने आपापली पार्टिशने, माळे आणि टाक्या चढवल्या की असे होते.

प्रश्न : सर फिरोजशाह मेहता रस्त्याजवळची आमची इमारत १९३०च्या दशकातली आहे. खिडक्यांवरच्या लांबलचक छज्ज्यांच्या पोटाचा गिलावा पडतो. दर दोन वर्षांनी दुरुस्ती करतो, पुन्हा पडतो. ठेकेदार चुकतो आहे की इमारतच संपली?
– प्रिमायसेस सोसायटीचे सचिव

इमारत बहुधा संपलेली नाही, दुरुस्ती वरवरची आहे.

तुमचा रस्ता मुंबईच्या व्यापारी आर्ट डेकोचा, म्हणजे १९३०च्या दशकातल्या त्या सुबक रेषांच्या शैलीचा, आहे. देशी विमा कंपन्या तेव्हा जोरात होत्या आणि 'आमच्याकडे पैसा सुरक्षित आहे' हे त्यांना इमारतीतून दाखवायचे होते. लक्ष्मी इन्शुरन्स आणि महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अॅश्युरन्स या दोन्ही मास्टर, साठे आणि भुता या आर्किटेक्टांच्या. न्यू इंडियाच्या दर्शनी भागावरची उंच शिल्पे एन. जी. पानसरे यांची. फुरसतीने समोरच्या फुटपाथवरून पाहा, शेतकरी आणि कामकरी माणसे एवढ्या मोठ्या आकारात ऑफिसच्या भिंतीवर यावीत ही त्या काळची मोठी गोष्ट होती. हे सगळे शक्य झाले आरसीसीमुळे, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे. भिंतीने भार घ्यायची गरज संपली, खिडक्या आडव्या आणि लांब झाल्या, आणि त्यांच्यावर पापणीसारखे सलग छज्जे आले.

त्या काळच्या काँक्रीटमध्ये सळ्या गुळगुळीत, काँक्रीट हाताने कालवलेले आणि सळीवरचे आवरण बरेचदा अर्धा-पाऊण इंच. आज समुद्रकाठच्या हवेसाठी मानक ४५ मिलिमीटर किंवा जास्त मागते. नवे काँक्रीट क्षारधर्मी असते आणि त्यामुळे सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत जातो आणि हा क्षारपणा घालवतो. तो सळीपर्यंत पोहोचला, त्यात खारी हवा मिळाली, की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो आणि आवरण फोडून टाकतो. तुमचा ठेकेदार तो गंज तसाच ठेवून वर नवा गिलावा मारतो. आतले फुगणे चालूच राहते.

काम असे करून घ्या. छज्ज्याला आधी टेकू. मग हातोडीने ठोकून बद्द आवाज येणारा प्रत्येक भाग खडूने आखायचा, कारण डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा तो बहुधा दुप्पट निघतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचे : गुलाबी झाले तर क्षार शिल्लक आहे, रंग आला नाही तर गेला. ज्या भागात तडे नाहीत तिथेही हाफ-सेल चाचणी करा; सळीचा विद्युत दाब मोजून ती आतल्या गंजाचा अंदाज देते. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक उणे आकडा आला तर आत गंज असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर आहे.

आखलेल्या भागाच्या कडा कटरने सरळ, किमान १० मिलिमीटर खोल कापा. निमुळत्या कडा पहिल्या सुटतात. काँक्रीट सळीच्या *मागे* २० ते २५ मिलिमीटर जाईपर्यंत तासा, सळीभोवती बोट फिरले पाहिजे. नेमकी हीच पायरी वेळ वाचवायला गाळली जाते. गंज पूर्ण घासून सळीचा व्यास व्हर्नियरने मोजा. छेद २० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर शेजारी नवी सळी बांधा. तिचे टोक चांगल्या सळीवर व्यासाच्या ५० पट, म्हणजे १० मिलिमीटरच्या सळीला अर्धा मीटर, चढले पाहिजे. मग झिंकयुक्त प्रायमर, बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका वेळी १० ते १५ मिलिमीटर. खड्डा दोन इंचांहून खोल असेल तर शटरिंग करून मायक्रो-काँक्रीट ओता. सात दिवस पाणी मारा.

आता छज्ज्याचे मर्म. तो एका बाजूने भिंतीत अडकलेला आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी असतो. म्हणून त्याची मुख्य सळी *वरच्या* अंगाला असते. गिलावा पडतो पोटाकडून, सगळे लक्ष तिथेच जाते, आणि छज्ज्याला धरून ठेवणारी सळी वर साचलेल्या पाण्यात गंजत राहते. वरची बाजू उघडून पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असे मानू नका. वर बाहेरच्या बाजूला उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, आणि खाली काठापासून दोनेक इंच आत पाणी तुटण्यासाठी खाच. ही खाच मूळ बांधकामात बहुधा असते. दुरुस्तीत ती बुजवली जाते आणि पाणी पोटावरून वाहत भिंतीपर्यंत येते.

इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असल्याने महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहेच. ते करताना चाचण्यांचे आकडे आणि जागा नकाशावर मागून घ्या. नुसते 'दुरुस्ती आवश्यक' लिहिलेले पत्र ठेकेदाराच्या उपयोगाचे नसते.

प्रश्न : जुन्या व्यापारी इमारतींची इतकी दुर्दशा का? मालकांना पाडायच्याच असतात का?
– वाचक, गिरगाव

काहींना असतील, पण मूळ कारण हिशेबाचे आहे. १९४७च्या बॉम्बे रेंट अॅक्टने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली, आणि ती दुकाने-ऑफिसांनाही लागू होती. भाड्यातून गच्चीचे वॉटरप्रूफिंगही निघेना, मग मालकाने खर्च थांबवला आणि भाडेकरू पागडीने जागा फिरवू लागले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचे संरक्षण काढले. बाकीच्यांना वर्षाला चार टक्के वाढ. ज्या इमारतींत बँक किंवा मोठी कंपनी भाडेकरू होती त्या त्यामुळे सुधारल्या. लहान पेढ्यांनी भरलेल्या इमारती तशाच राहिल्या.

प्रश्न : नरिमन पॉइंटसारखी समुद्राकाठची जागा सोडून कंपन्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) का गेल्या? इमारती तर पन्नाशीच्याच आहेत.
– इस्टेट एजंट, चर्नी रोड

प्रवास, भाडे आणि उपनगरांत गेलेली वस्ती ही कारणे तुम्ही जाणताच. इमारतीच्या पोटातले कारण मजल्याच्या उंचीत आहे.

नरिमन पॉइंट भराव टाकून उभे राहिले, आणि १९७०च्या दशकात तिथे एक्सप्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची २३ मजली इमारत (१९७४) आली. तेव्हा ऑफिस म्हणजे टेबल, खुर्ची, टेलिफोन आणि कपाट. स्लॅबपासून स्लॅबपर्यंत साधारण ३.३ मीटर भरपूर वाटायचे. आता त्यात आजचे ऑफिस बसवून पाहा. तुळईचे ६०० मिलिमीटर गेले. तिच्याखाली एसीचा डक्ट, स्प्रिंकलरचा पाइप आणि फॉल्स सीलिंग यांचे ४५० ते ५००. उरले सव्वादोन मीटर, म्हणजे जेमतेम साडेसात फूट. त्यात केबलसाठी उचललेली फरशी टाकायची तर आणखी १०० ते १५० वजा. हात वर केला की छताला लागतो.

बीकेसीतल्या चांगल्या इमारतीत हीच उंची चार मीटर किंवा थोडी जास्त धरतात. ४.२ मीटर धरली तर सगळे बसवूनही सुमारे तीन मीटर मोकळे राहतात. खांबही एकमेकांपासून दूर : पोस्ट-टेन्शन स्लॅबमुळे (आतल्या पोलादी तारा ताणून घट्ट केलेल्या) नऊ ते बारा मीटर अंतर मिळते. अनेक ठिकाणी ८.४ मीटर दिसेल, त्याचे कारण वर ऑफिसात सापडणार नाही, खाली पार्किंगमध्ये सापडेल : अडीच मीटरच्या तीन गाड्या आणि ९०० मिलिमीटरचा खांब.

दुसरे कारण मालकीचे. नरिमन पॉइंटच्या बहुतेक इमारती ऑफिसा-ऑफिसाने विकल्या गेल्या. चिलर प्लँट, म्हणजे सगळ्या इमारतीचे थंड करायचे यंत्र, बदलायचा तर शंभर सभासदांची संमती आणि वर्गणी हवी. म्हणून प्रत्येकाने आपापला एसी खिडकीबाहेर टांगला. बीकेसीत १९७७ पासून एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हे नियोजन प्राधिकरण आहे. भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, इमारत बहुधा एका हाती राहते, आणि यंत्रणा एकाच निर्णयाने बदलता येते.

तुमच्याकडे नरिमन पॉइंटची जागा भाड्याने द्यायला असेल तर डक्टची एसी काढून तांब्याच्या पाइपांवर चालणारी व्हीआरएफ बसवणे हा सर्वांत उपयोगी बदल आहे. मधल्या भागात पाइप तुळयांच्या कडेने फिरतात, छत उघडे ठेवता येते आणि आठ-दहा इंच उंची परत मिळते. ताजी हवा मात्र वेगळी आणावी लागते, ती विसरली की दुपारी तीनला सगळे ऑफिस जांभया देते.

प्रश्न : आमची कंपनी पूर्ण काचेची इमारत बांधते आहे. मुंबईच्या उन्हात काच योग्य का? आर्किटेक्ट म्हणतात, "डबल ग्लास आहे, काळजी नको."
– प्रशासन विभाग, अंधेरी

डबल ग्लास हे अर्धे उत्तर आहे. मुंबईत काचेतून येणारी उष्णता मुख्यतः किरणांची. थंड देशांत दोन काचांमधली हवा आतली ऊब राखते, इथे तुम्हाला किरण अडवायचे आहेत. म्हणून 'एसएचजीसी' हा आकडा विचारा, म्हणजे पडलेल्या उष्णतेपैकी किती आत येते. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेची २०१७ची आवृत्ती आपल्या उष्ण-दमट हवेत उत्तर सोडून इतर बाजूंना तो ०.२७ च्या आत ठेवायला सांगते, आणि काचेचे क्षेत्र भिंतीच्या ४० टक्क्यांवर जाऊ देत नाही.

फरक किती पडतो? पश्चिमेला १० मीटर रुंद, ३ मीटर उंच काच धरा, म्हणजे ३० चौरस मीटर. दुपारी चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते असे मानले तर एकूण १८ किलोवॅट. साध्या काचेतून (०.८) १४.४ किलोवॅट आत येतील, म्हणजे एवढ्या तुकड्यासाठीच चार टनांचा एसी. ०.२७च्या काचेतून पाच किलोवॅटच्या आत, साधारण दीड टन.

आणि छज्जा? दक्षिणेला तो सोन्यासारखा आहे. २१ डिसेंबरला मुंबईत मध्यान्हीचा सूर्य ४७-४८ अंशांवर असतो, म्हणजे छज्जा जेवढा बाहेर, जवळपास तेवढीच काच सावलीत. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा एक फूटही पुरतो. पश्चिमेला मात्र चारनंतरचे ऊन आडवे येते, तिथे छज्जा निकामी. तिथे काचेबाहेर उभ्या पट्ट्या, खोल गॅलरी किंवा मग जिने, लिफ्ट आणि स्वच्छतागृहेच मांडा. फोर्टच्या जुन्या इमारतींतला पश्चिमेचा व्हरांडा हेच काम करत होता.

गळतीचे म्हणाल तर काच गळत नाही, सांधा गळतो. फ्रेममध्ये पाणी बाहेर काढायला बारीक भोके ठेवलेली असतात. साफसफाईवाले किंवा रंगारी ती सिलिकॉनने बुजवतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात कार्पेट भिजते. हस्तांतरणाआधी फवाऱ्याची चाचणी प्रत्येक बाजूला लावून घ्या, एका नमुन्यावर भागवू नका.

सर्वांत महत्त्वाचे : स्लॅबची कड आणि काच यांच्यात दोन ते चार इंचांची फट असते. ती मिनरल वूल आणि अग्निरोधक सीलंटने प्रत्येक मजल्यावर बंद झालीच पाहिजे. नाहीतर ती फट धुराची चिमणी होते. २०१४ मध्ये अंधेरीतल्या काचबंद इमारतीला आग लागली तेव्हा अग्निशमन दलाचे जवान गच्चीवर अडकले आणि एका जवानाचा मृत्यू झाला. काच बंद असली की धूर निघायला वाट नसते. उघडणारे भाग नकाशात मागा आणि ते बाहेरून ओळखू येतील अशी खूण करा.

प्रश्न : लोअर परळमध्ये गिरणीच्या जुन्या शेडमध्ये ऑफिस घेतोय. काय पाहावे? बेसमेंट पार्किंगही आहे.
– जाहिरात व्यवसायातील वाचक

शेड मूळची असेल तर छताचे करवतीसारखे दाते पाहा. उभी काच उत्तरेकडे तोंड करून असते, म्हणजे ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. मागावरचा धागा दिसावा म्हणून केलेली ही रचना ऑफिसलाही उत्तम. तिच्यावर काळी फिल्म चिकटवू नका. दात्यांच्या खाचेतली पन्हळ मेअखेर साफ झाली पाहिजे, पाणी तिथूनच आत येते.

बेसमेंटसाठी २६ जुलै २००५ लक्षात ठेवा : सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. रॅम्प थेट रस्त्यावरून खाली उतरतो की आधी थोडा चढून मग उतरतो, ते पाहा. तो उंचवटा रस्त्यावर आजवर चढलेल्या पाण्याच्या किमान एक फूट वर हवा. विजेचे पॅनेल आणि जनरेटर बेसमेंटमध्ये असतील तर पूर आला की पंपच बंद पडतात, त्यामुळे ते तळमजल्याच्या वर हवेत. शेजारी नवे बांधकाम चालू असेल तर तेही विचारा. जमिनीखाली एक मीटरवर पाणी असताना सहा मीटर खोल बेसमेंट म्हणजे तळाला पाच मीटरचा दाब, चौरस मीटरला पाच टन वर ढकलणारा. एक मीटर जाडीचा राफ्टही (पायाची सलग काँक्रीट स्लॅब) चौरस मीटरला अडीच टनच भरतो. वर पुरेसे मजले चढेपर्यंत शेजारच्या बिल्डरला जमिनीतल्या पाण्याचा उपसा बंद करता येत नाही, आणि उपसा फार झाला तर तुमच्या शेडच्या पायाखालची माती खचते. भिंतींवरच्या तड्यांना काचेच्या पट्ट्या लावून तारीख घाला, पट्टी तडकली की हालचाल चालू आहे.

आगीबाबत २९ डिसेंबर २०१७ रोजी याच परिसरात गच्चीवरच्या उपाहारगृहांत चौदा जीव गेले. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचे 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. शेवटची दोन मागा. मग स्वतः जिन्याने चालत जा : दार बाहेरच्या बाजूला उघडते का, आपोआप बंद होते का, जिन्यात खोकी, बाटल्या किंवा एसीचे युनिट आहे का. बाहेरच्या हायड्रंटचा (आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा) व्हॉल्व्ह उघडायला लावा आणि पाणी जोराने येईपर्यंत तिथेच थांबा. हे सगळे टोकन देण्याआधी करा.